शामराव ड्रेसरचं कुंपण

शामराव ड्रेसर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहत. आधी हात, मग पाय, मग मान, आणि एवढं पाहूनही ओळख पटली नाही तर नाइलाजानं चेहरा. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर जखमा बांधल्यामुळे सगळं गाव त्यांच्या डोक्यात जखमांच्या हिशेबानं बसलं होतं. सरपंच म्हणजे 'डाव्या मांडीत बैलाचं शिंग'. पोस्टमन म्हणजे 'कुत्रं, उजवी पोटरी'. आमच्या मुख्याध्यापकांचा रोग ते चारचौघांत सांगत नसत, पण सर समोरून आले की "आता बसता येते ना बराबर?" एवढं मोठ्यानं विचारत. मग चारचौघांना कळायचं ते कळायचंच.

एका लग्नात वरपक्षाशी ओळख करून देताना त्यांनी नवरीच्या मामाला खांद्याला धरून पुढे केलं आणि म्हणाले, "हे आमचे पाठीवरचे केसतूड." मामा रागावले नाहीत. उलट वळून व्याह्यांना म्हणाले, "दोन तोंडाचं होतं."

माझी ओळख अंगठ्यावरून. दारव्ह्याच्या अलीकडे जीप जिथं हमखास बंद पडते त्या गावातल्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर म्हणून रुजू झालो, आणि पहिल्याच आठवड्यात, 'पेन्सिल अशी तासायची की बोटाला धक्का लागत नाही' हे सातवीच्या वर्गाला करून दाखवलं. वर्गातली पोरं मला दवाखान्यात घेऊन गेली. शामराव ड्रेसरनं अंगठा धुतला, पाहिला, आणि विचारलं, "पेन्सिलले टोक आलं का तरी?"

"नाही आलं."

"मंग कायले एवढा खटाटोप केला, मास्तर?"

पट्टी इतकी मोठी बांधली की माझा अंगठा वांग्याएवढा झाला. त्या पट्टीसकट मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर गोल काढला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला गोल. पट्टी सुटल्यावर तसा परत कधी जमला नाही.

पुढं ते रिटायर झाले. पांढरा हाफ शर्ट, त्याच्या खिशात कात्री, गॉझच्या घड्या आणि अंगाला स्पिरिटचा वास, हे सगळं तसंच राहिलं. फक्त पेशंट कमी झाले. म्हणून मग गावात जे जे कापलेलं दिसेल ते ते त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. एसटी स्टॅंडवरच्या बाकाची फाटलेली गादी त्यांनी टाके घालून शिवली. ग्रामपंचायतीनं तारांसाठी लिंबाची फांदी तोडली, तर शिडी लावून तिच्या थोटकाला शेण-मातीचा लेप दिला आणि वर पट्टी बांधली. आमच्या घरी चहाला आले की आधी स्वयंपाकघरात डोकावत, आणि अर्धा कापलेला कांदा दिसला की त्यावर वाटी उपडी घालून मगच खुर्चीवर बसत.

"कापलं का तोंड उघडलं," ते म्हणायचे. "उघड्या तोंडात कोणीबी शिरते."

माझी बायको माझ्याकडे बोट करून म्हणायची, "काका, हे यायले सांगा. शाळेतून आल्यापासून यायचं तोंड उघडंच असते."

लाकडावर त्यांचा विशेष जीव. सुताराच्या दुकानासमोरून जाताना आडव्या कापलेल्या फळ्या उघड्या पाहिल्या की त्यांचा पाय अडखळायचा. एकदा त्यांनी मला तिथंच थांबवून व्याख्यान दिलं होतं. "लाकूड अंगानं पानी पीत नाही, मास्तर. पाठीवर धो धो पाऊस पडू द्या, थे झटकून टाकते. पण आडवं कापलं ना, तिथं त्याच्या नळ्या उघड्या पडतात. झाड जितं होतं तवा याच नळ्यायनं पेत होतं. आता त्याले कोन सांगन का, बावा, तू मेला हायेस, आता पिऊ नको?"

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी दवाखान्याभोवती बाभळीच्या ओल्या खांबांचं कुंपण घातलं होतं. तोडल्या तोडल्या दोन्ही टोकं ऑइलपेंटनं जाड लिंपून टाकली. आतला ओलावा आतच कोंडला, पावसाळ्यात खांबांना अळंब्या आल्या, आणि एक खांब नेमका नव्या डॉक्टरांच्या स्कूटरवर, डॉक्टर तीवर बसलेले असताना, आडवा झाला. ही गोष्ट दुसरा कोणी लपवेल. शामराव ती दर महिन्याला सांगत.

"जिंदगीभर लोकायले सांगत आलो का ओली जखम बंद करू नका. आन लाकडाची तेवढी केली! डॉक्टरच्या कपाळाले टाके पडले. ते मीच घातले." मग थोडं थांबून, अभिमानानं: "कधी भेटले तर पाह्यजो. निशानी नाही."

आता सुजाताकडे येतो. सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी. जवळच्याच गावात दिलेली. नवरा अपघातात गेला आणि ती बापाकडे परत आली. पण सासरच्या जमिनीतलं तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं एक एकर वावर आमच्या गावाच्या शिवेवर, बस स्टॅंडवरून दिसेल असं, रस्त्याला लागून होतं, आणि ते ती सोडायला तयार नव्हती. ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा पिकापेक्षा पाहणी करणारे जास्त येत. जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या. सुजातानं ठरवलं की कपाशीचं नावच काढायचं नाही. भेंडी, चवळी, वांगी लावायची आणि दारव्ह्याच्या बाजारात स्वतः बसून विकायची.

तिचा दीर देवानंद वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आपलं म्हणणं खरं होण्याची सवय होती. त्यानं विहाराच्या ओट्यावर, चार लोकांसमोर सांगितलं, "वहिनी, रस्त्याच्या कडेले भाजीपाला म्हनजे डुकरायची पंगत. रोही-नीलगाय हाय, डुक्कर हाय, गावची ढोरं हायेत. माह्यं ऐका, वावर मले करू द्या, वर्षाचं धान्य घरपोच करतो."

"आन मी काय करू?" सुजातानं विचारलं.

"आराम."

"आराम मले येत नाही, भाऊजी. कोणी शिकवलाच नाही."

देवानंद हसला नाही. म्हणाला, "ठीक हाय. दिवाळीपर्यंत पाहू. या हंगामात तुमच्या वावरातला माल बाजारात बसला, तर मी धुऱ्या-बांधावर पाय ठेवत नाही. नाही बसला, तर वावर मी करतो. मंग बोलायचं नाही."

"बोलला ना?" शामराव मध्येच म्हणाले. ते देवानंदच्या कोपराकडे पाहत होते. "लहानपनी सायकलवरून पडलता तू. टाके घालताना असाच बोलत होता, मोठमोठ्यानं. मंग रडला."

तर मुद्दा कुंपणाचा होता. कुंपण उभं राहिलं तर भाजी, भाजी आली तर वावर.

बंद पडलेल्या जिनिंगचं छप्पर उतरवलं जात होतं. त्यातल्या जुन्या सागवानी बल्ल्या शामरावांनी पेन्शनमधून घेतल्या. लाकूड हाडासारखं वाळलेलं. लांब बल्ल्यांचे खांब कापावे लागणार होतेच, आणि ते कापायला शामराव असे बसले की पाहणाऱ्याला वाटावं, ऑपरेशन आहे. एक काप घेतला की करवत बाजूला. जीपवाल्याच्या गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल आधी पातळ पाजायचं. पाजायचं हा त्यांचाच शब्द. ते जिरलं की पुन्हा. पुन्हा जिरलं की गरम डांबर. जमिनीत जाणाऱ्या टोकाला आधी आगीत काळं करून मग डांबर. वरच्या टोकाचा काप तिरपा, पाणी घरंगळून जावं म्हणून, त्यावर डांबरात बुडवलेली गॉझची चौकोनी घडी, आणि सगळ्यात वर तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून केलेली टोपी.

"खिळा टोपीच्या डोक्यात मारू नका," मला बजावलं. "बाजूनं मारा. डोक्यात छेद पाडला का पानी तिथूनच जाते."

सुजाता खड्डे खोदत होती. ती कुदळ टेकवून म्हणाली, "बाबा, खांब गाडायचे हायेत. त्यायले ॲडमिट नाही करायचं."

"तू खोद."

"अन हे काय? याच्यावर गॉझ गुंडाळून राह्यले? हाडं बसवता का आता?"

"सुजाता, तुह्या नवऱ्याच्या वावराचं कुंपण हाय. मी हाये तवरच नाही, मी गेल्यावरबी उभं राह्यलं पाह्यजे."

 सुजाताची कुदळ जरा जोरात चालली.

खांब उभे झाले, मधून बांबूच्या आडव्या पट्ट्या आणि खाली बोरीचे काटे. काम पक्कं होतं. पण एक गोष्ट मला, चित्रकलेच्या मास्तरला, रोज सलत होती. बल्ल्या वेगवेगळ्या लांबीच्या होत्या आणि शामराव गरजेपेक्षा एक बोटही जास्त कापत नसत. "कापनं म्हनजे जखम. उगाच कायले जखम करायची?" त्यामुळे कुंपणाची वरची रेघ कुठं उंच, कुठं बुटकी, बस स्टॅंडवरून पाहिलं तर वाकडेतिकडे दात विचकल्यासारखी. मी पोरांना आडवी रेघ सरळ काढायला शिकवतो, आणि माझ्या मित्राचं कुंपण असं? शिवाय टोप्या! प्रत्येक खांबावर तेलाची जाहिरात, त्यातल्या निम्म्या उलट्या अक्षरांत.

शामराव पेन्शनच्या कामानं दोन दिवस यवतमाळला गेले. सुजाता बी आणायला सोबत गेली. शाळेला सुट्ट्या होत्या. मी ठरवलं, काकांना चकित करायचं.

करवत सुताराकडून आणली. दोरी बांधली, तिला ओळंबा लावला, रस्त्याकडच्या सगळ्या खांबांवर खडूनं रेघ मारली. काय सुंदर रेघ होती! टोप्या काढल्या आणि एका टोकापासून कापत सुटलो. दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण कलावंताला फोडाचं काय? जाणारे-येणारे थांबत होते. एकानं विचारलं, "मास्तर, ड्रेसरले माहीत हाय का?" मी म्हटलं, "त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय." तो म्हणाला, "हौ, धक्का तर बसनच."

संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. रेघ पट्टीनं आखल्यासारखी. प्रत्येक खांबाचं डोकं सपाट, स्वच्छ, पिवळसर. इतकं समाधान मला अंगठ्याच्या पट्टीनंतर पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस कोसळला. मी घरी जाऊन भजी खाल्ली. मला वाटलं, आता धुऊन निघाल्यावर रेघ आणखी खुलून दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं बापलेक उतरले. मी आधीच उभा होतो, हात मागे बांधून, शाबासकी घ्यायच्या तयारीत. शामराव कुंपणापाशी आले आणि थांबले. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत चालत गेले. प्रत्येक डोक्यावर हात ठेवला. परत आले. पाऊस सपाट कापांवर साचून राहिला होता. त्यांच्या तळव्यावर पाणी होतं. तो ओला हात त्यांनी माझ्यासमोर धरला.

आजवर त्यांनी मला 'तुमी' म्हटलं होतं.

"तू," ते म्हणाले, "काय केलं हे?"

"एका रेषेत आणलं."

"एका रेषेत." त्यांनी तो शब्द औषधासारखा गिळला. "मी सगळ्यायचे तोंड बांधून गेलतो. तू सगळ्यायचे मुंडके उडवले! आन तेबी सपाट! थाळ्या केल्या थाळ्या! पानी साचाले!"

मी, बुडत्या माणसानं हात मारावा तसं, म्हटलं, "काका, कापलेले तुकडे आहेत. ते डांबर लावलेलेच आहेत. फेविकॉलनं परत—"

सुजाता मागे वळली आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटली. पण ती हसता हसता थांबली, कारण तिच्या लक्षात आलं होतं. पाऊस तोंडावर आला होता. हे खांब आता ओले होते. ओल्या कापावर डांबर चढत नाही, चढवलं तर दवाखान्याच्या बाभळीसारखी गत. आणि उघडे ठेवले तर प्रत्येक सर ते पीत राहणार. एका हंगामाचा प्रश्न होता, आणि देवानंद पलीकडच्या वावरात उभा राहून सगळं पाहत होता.

"वहिनी," तो ओरडला, "खांब बुटके केले का? रोहीले उडी मारायले सोपं जावं म्हनून?"

शामरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या हातांकडे पाहत होते.

"हे काय?"

"फोड."

"फोडले?"

"एक फुटला."

"मूर्खा," ते म्हणाले, आणि तिथंच, चिखलात, उकिडवे बसून खिशातून गॉझ काढला. शिव्या देत देत त्यांनी माझे दोन्ही तळवे बांधले. पट्ट्या नेहमीसारख्याच मोठ्या. गाठ मारून झाल्यावर उभे राहिले आणि हुकूम सोडला, "तू कापलं, तूच झाकायचं. उघाड पडून लाकूड सुकेपर्यंत एका बी तोंडात थेंब गेला नाही पाह्यजे. जाय. गावातून टोप्या आन."

"टोप्या?"

"ताडपत्री आनतोस का मंग बापाच्या घरून?"

मी दोन्ही हातांना बोळे बांधून घरोघर फिरलो. आधी प्रत्येक डोक्यावर खताच्या पिशवीचा तुकडा, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून वर काहीतरी वजनदार किंवा घट्ट. लोकांनी सढळ हातानं दिलं. फुटके माठ. नारळाच्या करवंट्या. जयंतीच्या मिरवणुकीतल्या निळ्या टोप्या. निवडणुकीत वाटलेल्या, झाडून सगळ्या पक्षांच्या टोप्या, ज्या इतर वेळी एका गल्लीतसुद्धा गुण्यागोविंदानं राहिल्या नव्हत्या. कोणाचा तरी लग्नातला फेटा. एका खांबाला मोटारसायकलचं हेल्मेट. शेवटचे काही खांब उरले म्हणून मी घरच्या स्टीलच्या डब्यांना हात घातला.

बायको दारात आडवी आली. "शाळेत पोरायले डोकं नाही म्हनून वरडता. आता ज्यायले डोकं ठेवलं नाही त्यायले माहे डबे घालून राह्यले?"

"दोन दिवसांत आणून देतो."

"डाळीचा नेऊ नका. मिरचीचा न्या. रोहीनं चाटला तरी परत येनार नाही."

संध्याकाळी पुन्हा रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं. टोप्या, माठ, फेटा, हेल्मेट घातलेली माणसंच माणसं वावराच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभी होती. रेघ मात्र एकदम सरळ. हे मी मोठ्यानं बोललो नाही.

देवानंद ज्या रोहीची वाट पाहत होता ती दोन दिवसांनी पहाटे आली. सुजाता वावरातच होती. ती सांगते, रोही रस्ता ओलांडून कुंपणापाशी आली, मान वर केली, टोपीमागून टोपी पाहत गेली, हेल्मेटपाशी थांबली, आणि वळून देवानंदच्या वावरात गेली.

पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. शहरातून अभ्यासाला आलेल्या मंडळींची एक जीप रस्त्यात थांबली. गळ्यात कॅमेरा घातलेली एक मुलगी उतरली आणि कुंपणाकडे पाहून एकदम गंभीर झाली. शामराव एका करवंटीखाली बोट घालून ओल तपासत होते.

"काका," तिनं हळू आवाजात विचारलं, "हा कशाचा निषेध आहे?"

शामरावांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. नवी चप्पल, टाचेला फोड. "पान्याचा," ते म्हणाले.

"म्हणजे सिंचन मिळत नाही म्हणून?"

"सिंचन नकोच म्हनतो ना मी! चार-पाच दिवस उघाड पाह्यजे."

"पण शेतकऱ्यांना पाणी नको?"

"शेतकऱ्यायले पाह्यजे. यायले नको." त्यांनी खांबांकडे बोट केलं.

"हे कोण?"

"पेशंट."

 मग तिनं फोटो काढले. जाताना शामरावांनी तिच्या टाचेला पट्टी बांधून दिली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं. काही दिवसांनी एका पेपरात फोटो आला आणि खाली लिहिलं होतं की डोकी नसलेल्या शेतकऱ्यांचं हे मूक आंदोलन पाहून मन सुन्न होतं. गावानं तो पेपर चहाच्या हॉटेलात भिंतीला चिकटवला. मग तहसीलमधून एक माणूस मोटारसायकलवर आला आणि आंदोलन कधी मागं घेणार, असं विचारू लागला.

शामराव म्हणाले, "वाळले का घेतो."

आणि उघाड पडली. चार-पाच दिवसांची, त्यांनी मागितली होती तशीच. शामराव रोज दुपारी एकेक टोपी उचलत, कापलेल्या डोक्याला गाल लावून पाहत, आणि परत टोपी ठेवत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, म्हातारा खांबांचे मुके घेतो. शेवटी एका दुपारी त्यांनी गाल उचलला आणि म्हणाले, "आता."

मग मी कापलं. पुन्हा. सगळे खांब, तिरपे, त्यांच्या नजरेखाली. काप झाला की ऑइल पाजायचं, जिरू द्यायचं, परत पाजायचं. डांबराचा डबा सुजातानं तीन दगडांच्या चुलीवर ठेवला होता. मी घाई केली की शामराव ओरडत, "थांब बे, पिऊ दे त्याले! हे शेवटचं पेनं हाय त्याचं." गॉझ संपला तेव्हा त्यांनी आपलं जुनं धोतर फाडलं. ते माझ्याशी बोलत होते, पण 'तू' काही गेला नाही. खरं सांगायचं तर मला तो 'तुमी'पेक्षा आवडू लागला होता.

कुंपण त्या बाजूनं वीतभर बुटकं राहिलं ते राहिलंच. सुजातानं त्यावर बांबूची आणखी एक आडवी पट्टी चढवली आणि लोकांनी परत मागितल्या नाहीत त्या टोप्या पत्र्याच्या टोप्यांवर तशाच राहू दिल्या. पावसाळाभर मी शाळेत जाता-येता खांब पाहत होतो. मोठ्या पावसानंतर शामराव बोटाची पेरं आपटून आवाज ऐकत: टण् आला की पुढं, आणि दर वेळी टण्च आला. डुकरांनी मागच्या बाजूनं एकदा जोर करून पाहिला. काट्यांत केस सोडून गेली. आत भेंडी कमरेएवढी झाली. सुजाता अंगात जुना फुल शर्ट घालून तोडत होती, कारण भेंडीची खाज; आणि बाप मागं मागं, "हात दाखव, हात दाखव," करत फिरत होता.

देवानंद या दिवसांत धुऱ्यावर येऊन उभा राहायचा.  एकदा त्यानं खांबाला लाथ मारून पाहिली. शामराव आतून म्हणाले, "ज्याले लाथ मारली त्याचं नाही, तुह्या अंगठ्याचं इचारतो. दुखला का?" देवानंद लंगडत गेला, पण सरळ चालतोय असं दाखवत.

दसऱ्याच्या सुमाराला माझी बदली वणीकडे, राजूरला झाली. सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. मी आणि बायको दारव्ह्याहून निघणारी जीप धरायला आलो तो नेमका बाजाराचा दिवस. जीप भरेपर्यंत हलणार नव्हती, म्हणून खिडकीतून बाजार पाहत बसलो. समोरच पोत्यावर सुजाता बसली होती. समोर भेंडीचा हिरवागार ढीग, चवळीच्या जुड्या, हातात तराजू. बाजूला शामराव, गिऱ्हाइकांकडे पाठ करून, चवळीची वाळकी टोकं कात्रीनं कापत.

भेंडी कोवळी आहे का हे पाहायला आपल्याकडे गिऱ्हाईक शेंडा मोडून पाहतं. कट् आवाज आला तर घ्यायची. हे साऱ्या जगाला मान्य आहे, शामराव सोडून. दर कट्ला त्यांचे खांदे दचकत होते, आणि सुजाता दर वेळी कोपरानं त्यांना ढोसून गप्प बसवत होती.

गर्दीतून देवानंद आला. सुजातानं त्याला पाहिलं आणि तराजू खाली ठेवला. शेजारच्या बाया बोलायच्या थांबल्या; ओट्यावरचं ते बोलणं आता तालुक्यालाच माहीत होतं. माझी बायको माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "आता काय म्हनते पाहा."

देवानंद उकिडवा बसला. ढिगातली एक भेंडी उचलली. उलटीपालटी करून पाहिली. मग शेंडा मोडला.

कट्.

"कवळी हाय," तो म्हणाला.

सुजातानं तराजू पुन्हा हातात घेतला.

देवानंदनं घसा साफ केला. "वहिनी, पुढच्या हंगामाले बी कुठून आनसान?"

"कायले?"

"मी बी एक पट्टी लावीन म्हनतो. माह्या धुऱ्याकडून. तुमचं कुंपन हायच त्या बाजूनं."

"आधी अर्धा किलो घ्या," सुजाता म्हणाली. तिचा आवाज थोडा हलला; तराजू मात्र सरळ होता. "मंग सांगते."

त्यानं पिशवी उघडी धरली, आणि हातातली मोडकी भेंडी हळूच परत ढिगात टाकली.

"देवानंद!" शामराव वळले. "मोडलेली तिथं ठेवू नको. बाकीच्यायले लागन."

"काका, नुसता शेंडा तर मोडला!"

"मले सांगतो का? मले?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. जीप हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हलवला. सुजातानं पाहिलं, आणि तराजूचं रिकामं पारडं उंच करून हलवलं. शामरावांनी पाहिलं नाही. त्यांनी ढिगातून ती भेंडी शोधून काढली होती, डोळ्यांजवळ धरली होती, आणि त्यांचा दुसरा हात शर्टाच्या खिशात काहीतरी शोधत होता.